साडेसहाशे ग्रॅमचा पेशंट

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी काबाईने जाहीर केलं, की आधी ढोल्याचं ऑपरेशन होईल आणि मग तिचं. उलटं चालणार नाही.

काबाई पाच वर्षांची होती. लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात दाखल झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तिने "का?" हा प्रश्न इतक्या जणांना विचारला, की मोठ्या सिस्टरांनी तिचं दुसरं बारसंच करून टाकलं. तिलाही ते नाव पसंत पडलं. कुणी विचारलं, की ती मान ताठ करून "काबाई" असंच सांगायची. ढोल्या म्हणजे तिचा कापडी पाणघोडा. अंगाने गुबगुबीत, मूळचा निळा असावा असा, आणि पोटाची शिवण चांगली चार बोटं उसवलेली. त्या फटीतून कापूस बाहेर यायचा आणि काबाई तो दिवसातून दहा वेळा बोटाने आत ढकलायची.

हे फर्मान निघालं ते डॉक्टरताईसमोर. डॉक्टरताई म्हणजे वॉर्डातली शिकाऊ डॉक्टर. मुलांच्या सर्जरीत तिचा हा तिसरा आठवडा. एवढ्या दिवसांत ती बरंच काही शिकली होती. बोटभर हातात सुई कशी घालायची, बाळापेक्षा जास्त रडणाऱ्या बापाला कुठे बसवायचं, आणि जेवण उभ्याउभ्या चार मिनिटांत कसं उरकायचं. तिच्या एप्रनच्या एका खिशात टॉर्च असायची आणि दुसऱ्यात चांदण्यांचे स्टिकर, आणि घाईच्या वेळी हात नेमका नको त्या खिशात जायचा. पुढे आपण लहान मुलांचंच सर्जन व्हायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण त्यासाठी विभागप्रमुखांची शिफारस लागणार होती. या प्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत, आणि मोठे सर तीन आठवड्यांत तिच्याशी एकूण तीनच शब्द बोलले होते: "धर", "सोड" आणि एकदा "कात्री".

"आधी ढोल्याचं का बरं?" डॉक्टरताईने विचारलं.

"तो घाबरतो. माझं झालेलं बघितलं तर पळूनच जाईल."

"आणि तू नाही घाबरत?"

काबाई ढोल्याचा कान तोंडात घालून चघळत बसली.

खुर्चीत अंग चोरून बसलेल्या तिच्या बाबांनी मान हलवली. घरी काबाईच्या आईजवळ आठ दिवसांचं बाळ होतं, त्यामुळे इथली सगळी आघाडी त्यांना एकट्यालाच सांभाळायची होती. "सकाळपासून हाच धोशा लावलाय, मॅडम," ते म्हणाले. "मी कितीदा समजावलं. ऐकेल तर शपथ."

हर्नियाचं ऑपरेशन तसं छोटं. पण थिएटरच्या दारात हातपाय झाडणाऱ्या मुलीला भूल देणं हे काम छोटं नसतं, हे डॉक्टरताईने गेल्याच आठवड्यात पाहिलं होतं. ती म्हणाली, "ठीक आहे. आधी ढोल्या."

"मग त्याचा कागद कुठाय?" काबाईने लगेच विचारलं. "माझा आहे."

डॉक्टरताईने कोरा केसपेपर आणला. आणि एकदा आणल्यावर तो नीट भरायचा, हा तिचा स्वभाव. नाव, ढोल्या. मातेचं नाव? "मीच!" म्हणून काबाई. वय? "तीन. माझ्या दुसऱ्या वाढदिवसाला आला तो." वजन काबाईच्या आग्रहावरून खरोखर करण्यात आलं, तान्ह्या बाळांच्या काट्यावर, काटा शून्यावर आणून: साडेसहाशे ग्रॅम. तक्रार: पोटाची भिंत उघडी, आतला भाग बाहेर आलेला. उपाशी आहे का? "तो काही खातच नाही," काबाई म्हणाली. डॉक्टरताईने लिहिलं, काहीही घेतलेलं नाही. कागदावर एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त वयाच्या पुढे 'वर्षे / महिने / दिवस, नको ते खोडावे' असं छापलेलं होतं, आणि ती खोडणार एवढ्यात सात नंबरच्या खाटेवरच्या पोराने आपलं सलाईन ओढून काढलं. डॉक्टरताईने कागद काबाईच्या फाइलमध्ये सरकवला आणि ती तिकडे धावली. मग हा कागद तिच्या डोक्यातून साफ गेला.

पुढचं तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. वॉर्डातल्या मावशींनी रोजच्याप्रमाणे फाइली ऑफिसात नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची यादी करणाऱ्या कारकुनांच्या हातून आयुष्यात काना-मात्रेची चूक झाली नव्हती. त्यांनी ढोल्याचा कागद दोनदा वाचला. तीन वर्षांचं मूल साडेसहाशे ग्रॅमचं नसतं, एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही. म्हणजे तीन दिवसांचं. पोट उघडं. आणि नाव ढोल्या! एवढ्याशा जिवाचं असं नाव ठेवणाऱ्या आईबापांची उमेद पाहून त्यांनी मनोमन हात जोडले. तान्ही बाळं यादीत सगळ्यांच्या आधी, हा तिथला नियम. त्यांनी ढोल्याला पहिला नंबर दिला, काबाईला पहिल्यावरून दुसऱ्यावर ढकललं, आणि भूल देणाऱ्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी मोठ्या सरांना लावला. मोठे सर जेवत होते. ते पानावरून उठले ते थेट पुस्तकांच्या कपाटाकडे गेले.

सकाळी सातला डॉक्टरताई आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर लगीनघाई चालली होती. थिएटर भट्टीसारखं गरम केलेलं, कारण एवढ्या लहान बाळाला गारठा सोसत नाही. तान्ह्या बाळांच्या विभागातून काचेची पेटी आली होती. भूलवाल्या मॅडम दोन बोटांच्या चिमटीत एक नळी धरून उजेडाकडे बघत म्हणत होत्या, "याहून बारीक मिळणार नाही का? ही तर त्याच्या मनगटाएवढी आहे." दोन विभागांचे विद्यार्थी भिंतीला पाली चिकटाव्या तसे चिकटून उभे होते.

"कळलं का तुला?" एक सिस्टर तिच्या कानाशी लागली. "साडेसहाशे ग्रॅमचं बाळ आलंय. पोट उघडं. मोठे सर स्वतः करणार आहेत."

साडेसहाशे ग्रॅम हा आकडा ओळखीचा वाटण्याइतकं डॉक्टरताईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. यादी थिएटरच्या दारावर चिकटवलेली होती, पण त्या गडबडीत ती वाचायची सवड कुणाला? तेवढ्यात मोठे सर बाहेर आले. डोळे तांबारलेले. त्यांची नजर डॉक्टरताईवर पडली आणि ते म्हणाले, "बाळाला तू वर घेऊन ये. स्वतः. दोन्ही हातांनी."

एका दमात आठ शब्द! डॉक्टरताईला आभाळ ठेंगणं झालं. ती जिन्याने उतरली ती दोन दोन पायऱ्या गाळत.

तान्ह्या बाळांच्या विभागात सिस्टरांनी तिला वेड्यात काढलं. "साडेसहाशेचं? आमच्याकडे सगळ्यांत लहान बाराशेचं आहे. आम्हीच पेटी रिकामी करून वर पाठवली. तुमच्याकडे नाही का?"

बाळंतिणींच्या वॉर्डात एका जाड्या सिस्टरांनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. "तीन दिवसांत अकरा झाली. सगळी दोन किलोच्या वरची. एक तर साडेचारचा आहे, रात्रंदिवस बोंबलतोय. हवा तर तो घेऊन जा."

अपघात विभागात कुणी असलं बाळ पाहिलंच नव्हतं. डॉक्टरताईने वॉर्डात फोन लावला. पलीकडून मोठ्या सिस्टर कडाडल्या, "बाळ नाही म्हणजे काय? काल त्याचं वजन झालंय, केसपेपर झालाय! हवेत विरघळलं?" आणि मग दोघी एकदम गप्प झाल्या. कारण दोघींच्याही मनात एकच शब्द आला होता, आणि तो उच्चारायला दोघीही धजत नव्हत्या.

पळवलं.

पाच मिनिटांत इस्पितळाची दोन्ही फाटकं बंद झाली. पहारेकरी प्रत्येकाची पिशवी उघडून बघायला लागले. घरी निघालेल्या एका बापाच्या कडेवर त्याचं स्वतःचं, चांगलं बाळसेदार मूल होतं, त्यालाही अडवलं. "अहो, हे नऊ महिन्यांचं आहे!" तो कळवळून म्हणाला. पहारेकरी म्हणाला, "ते आम्ही कसं ओळखणार? आधी वजन करून आणा." डॉक्टरताई त्या गर्दीत घामाघूम होऊन टोपल्या, दुपटी, पिशव्या न्याहाळत हिंडत होती. एवढासा जीव, उघड्या पोटाचा, आणि कुठे असेल या क्षणी? तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

वर वॉर्डात काबाई पहाटेपासून उपाशी होती. पहिला नंबर म्हणून साडेआठला आत जायचं ठरलं होतं, आता नऊ वाजून गेले तरी कुणी न्यायला आलं नव्हतं. "बाबा, माझ्या पोटात कुणीतरी बोलतंय," ती म्हणाली. बाबांनी दोनदा चौकशी केली. त्यांना सांगितलं, एक फार आजारी बाळ आहे, त्याचं आधी. "मग असू दे," बाबा म्हणाले. आणि काबाईला मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले.

सव्वानऊला मोठे सर म्हणाले, "बाळ नाही सापडत तर निदान आईला बोलवा." कारकुनांनी केसपेपर उघडला आणि सगळ्या इमारतीतले स्पीकर खरखरले.

"ढोल्या या बाळाची माता, काबाई, यांनी असतील तिथून ताबडतोब तिसऱ्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरजवळ यावे. पुन्हा सांगतो. ढोल्याची माता काबाई..."

वॉर्डात मोठ्या सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. फाटकाशी उभ्या डॉक्टरताईच्या हातातली कुणाचीतरी टोपली खाली पडली. तिला तो केसपेपर डोळ्यांसमोर लख्ख दिसला. स्वतःचं अक्षर दिसलं. न खोडलेले तीन शब्द दिसले. आणि ती तीन मजले चढायला धावली. लिफ्टची वाट पाहण्याइतका धीर तिच्यात नव्हता.

पण काबाई तिच्या आधी पोचली होती. "मला बोलावतायत!" म्हणत ती बाबांच्या मांडीवरून उतरली, ढोल्याला कडेवर घेतलं, आणि पायघोळ हिरवा झगा एका हाताने सावरत थिएटरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मागून बाबा धापा टाकत. डॉक्टरताई शेवटची पायरी चढली तेव्हा मोठे सर, भूलवाल्या मॅडम, सिस्टर, विद्यार्थी आणि कारकून असे वीसेक जण एका पाच वर्षांच्या मुलीकडे बघत उभे होते.

"मी ढोल्याची आई," काबाई म्हणाली. "हा ढोल्या."

थिएटरमधल्या गरम हवेचा भपका दारातून बाहेर येत होता. मोठ्या सरांनी कारकुनांच्या हातातला कागद घेतला, वाचला, ढोल्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, सर," डॉक्टरताई मागून म्हणाली. गर्दीने तिला वाट करून दिली. एवढी वाट नसती दिली तरी चाललं असतं, असं तिला वाटलं.

"वजन?"

"मीच केलं, सर. काटा शून्यावर आणून."

"पोट?"

"तपासलं, सर. शिवण... म्हणजे भिंत चार बोटं उघडी आहे. कापूस बाहेर आहे."

मोठ्या सरांनी ढोल्याला हातात घेतलं, चष्मा वर केला, आणि फट एका बोटाने हलकेच दाबून पाहिली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "वयापुढचं खोडलं नाहीस."

"नाही, सर."

"दोन्ही फाटकं बंद आहेत. इथे एक पेटी दोन तास अडकून पडली आहे. तेवढ्या वेळात खरंच कुणाला ती लागली असती तर?"

डॉक्टरताई एक पाऊल पुढे आली. "माझी चूक झाली, सर. मी कागद फाडून टाकायला हवा होता. तिला धीर यावा म्हणून लिहिला होता." तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. शिफारस गेली, वॉर्ड गेला, आता बहुधा दातांच्या विभागात सुद्धा कुणी उभं करणार नाही.

"तिला का रागावताय?" खालून आवाज आला.

मोठ्या सरांनी खाली पाहिलं. "रागावत नाहीये."

"मग तोंड असं का केलंय?"

मागे कुणाला तरी खोकला आला. मोठ्या सरांनी तोंड सारखं करायचा प्रयत्न केला. तो फारसा साधला नाही.

"आणि ढोल्याचं का करत नाही?" काबाईने दारावरच्या यादीकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण एकचा आकडा येत होता. "एक कुणाचा नंबर आहे?"

कारकुनांनी घसा साफ केला. "यादीप्रमाणे... ढोल्याचाच आहे, सर. आपली सही आहे खाली."

मोठ्या सरांनी यादीखालची आपली सही पाहिली. मग त्यांनी एका सिस्टरला खाली फोन करायला पाठवलं: फाटकं उघडा, पेटी परत न्या, बाळ सापडलं म्हणून सांगा. दुसरीला म्हणाले, "सुईदोरा आणा. आत नाही, इथेच बाहेरच्या खोलीत. आणि तू," हे डॉक्टरताईला, "पेशंटला धर."

अशा रीतीने त्या दिवसाचं पहिलं ऑपरेशन बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर झालं. डॉक्टरताईने ढोल्याचे चारी पाय धरले. भूलवाल्या मॅडमनी आपणहून त्याच्या नाकाला मुखवटा लावला आणि काबाईला दाखवलं, "हे बघ, असं. नुसता श्वास घ्यायचा. याला तर झोप लागलीसुद्धा." मोठ्या सरांनी कापूस आत बसवला आणि टाके घालायला घेतले. हात असा चालला होता, की विद्यार्थ्यांनी नकळत वह्या काढल्या. शेवटची गाठ मारून त्यांनी दोरा कापला आणि ढोल्याला जरा लांब धरून पाहिलं. चेहऱ्यावर समाधान होतं.

"राग मानू नका, साहेब," काबाईचे बाबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. बाबा चपापले, पण तोंडातून निघालं ते निघालं.

"बोला."

"टाके फार जवळजवळ पडलेत. कापड जुनं आहे, ओढ बसली की बाजूने फाटेल. आणि गाठ वर राहिली. पोरीच्या गालाला टोचेल ना. ती आत दडवायची असते."

मोठ्या सरांच्या टाक्यांना नाव ठेवलेलं त्या मजल्यावर आजवर कुणी ऐकलं नव्हतं. सरांनी ढोल्याचं पोट पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. अंगठा गाठीवरून फिरवला.

"तुम्ही काय काम करता?"

"शिवणकाम, साहेब. लहान मुलांचे कपडे."

"मग तुम्हीच का नाही शिवलंत हे?"

"दोनदा सुई ओवून बसलो होतो," बाबा खाली मान घालून म्हणाले. "म्हणाली, बाबा, तू डॉक्टर नाहीस."

यावर पहिल्यांदा हसल्या त्या भूलवाल्या मॅडम, आणि मग त्या खोलीत कुणालाच आवरेना. काबाई मात्र हसली नाही. तिने ढोल्याला घेतलं, त्याचं पोट तपासलं, आणि डॉक्टरताईकडे दोन्ही हात पसरले. "आता मला उचल," ती म्हणाली. डॉक्टरताईने तिला उचललं. दारातून आत जाताना तिने डॉक्टरताईच्या मानेला घट्ट मिठी मारली होती, पण रडली नाही. मुखवटा पाहून म्हणाली, "हा ढोल्याचा आहे," आणि स्वतःच नाकावर ओढून घेतला.

पंचवीस मिनिटांत तिचं ऑपरेशन आटोपलं. सगळं ठीक झालं. त्या पंचवीस मिनिटांत मोठे सर डॉक्टरताईशी चक्क बोलले. ही नस बघ, ही जपायची. इथे घाई केली की पुढे त्रास. शेवटचे दोन टाके त्यांनी तिला घालायला दिले. ती सुई हातात घेताना ते म्हणाले, "लांब लांब घे. आणि गाठ आत."

दुपारी डॉक्टरताई कारकुनांची माफी मागून आली. ते मात्र यादी पुन्हा तपासत होते आणि म्हणत होते, की चूक एकही नाही. मोठ्या सिस्टरांनी तिला भरपूर बोलून घेतलं, बोलता बोलता ताट वाढून दिलं आणि जेवण होईपर्यंत उठू दिलं नाही. शिफारशीचं काय, हे विचारायची तिची हिंमत नव्हती. मोठे सर आपल्या खोलीत नव्हते. थिएटरमध्ये नव्हते. ग्रंथालयातही नव्हते. शेवटी ती काबाईची नाडी बघायला वॉर्डात गेली.

काबाई ढोल्याला पोटाशी धरून गाढ झोपली होती. तिच्या खाटेपलीकडे, लहान मुलांसाठी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर मोठे सर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. मांडीवर जुन्या चादरीचा तुकडा, हातात साधी सुई. शेजारच्या खुर्चीत बाबा पुढे वाकून त्यांची बोटं बघत होते. सरांनी टाका घातला, दोरा ओढला, गाठ आत दडवली आणि तुकडा बाबांसमोर धरला.

बाबांनी तो उजेडात नेला. उलटसुलट पाहिला. मग अगदी आदराने परत दिला.

"उसवा, साहेब," ते म्हणाले. "परत घाला."

मोठ्या सरांनी चष्मा सारखा केला आणि मान खाली घालून ते टाका उसवायला लागले.